तिला ठाऊक असलेल्या कारणासाठी

मुलुंड (पूर्व),
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. नलिनीमावशी यांस,
रेवतीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र जोगेश्वरीच्या जुन्या पत्त्यावर गेलं आणि तिथून फिरत फिरत माझ्या दवाखान्यात आलं. आता वर लिहिलेला पत्ता नीट उतरवून घ्या. चौदावा मजला. आणि पाकिटावर अजून ‘सौ.’ लिहिता, ते आता सोडा. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. पोस्टमन काही बोलत नाही, पण माझ्याकडे बघतो.

नवीन घर कसं आहे, असं तुम्ही विचारलंत. मोठं आहे. हे घर माझं आहे, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगून बघते. तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ज्या गाळ्यांत तीस वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलं, ते स्टेशनजवळचे दोन्ही गाळे त्यांनी स्वतः वारण्याआधी महिनाभर माझ्या नावावर केले. पुढे ते बिल्डरने विकत घेतले आणि मी श्रीमंत झाले. काल बाजारात भाजीवालीशी घासाघीस करता करता एकदम गप्प झाले, म्हटलं, आता आपल्याला हे शोभत नाही. मग तिने सांगितले तेवढे पैसे दिले आणि चोरी केल्यासारखी घरी आले. वॉचमन सलाम करतो तर मीही उलट सलाम करते. सई हसते. तेराव्या वर्षी मुलांना आईची लाज वाटायला लागतेच, माझी जरा जास्त वाटते. डोळ्यांच्या दवाखान्यातली नोकरी सोडलेली नाही. सकाळी डबा भरून बसने अंधेरीला जाते. घरी बसले तर काय करू, तेच कळत नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. इथे मला मिक्सरचा आवाज येतो. रोज नाही. आमच्या मजल्यावरची दोन्ही घरं बंद आहेत, वरचं अजून विकलं गेलेलं नाही, खाली म्हातारे आजोबा एकटे राहतात आणि त्यांचा डबा बाहेरून येतो. माझा मिक्सर ओट्याच्या कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला आहे, मी तो लावत नाही. तरी चारच्या सुमारास घरघर सुरू होते. सईला विचारलं तर तिला काही ऐकू येत नाही. ज्या दिवशी सर्वेशचा फोन येतो, त्या दिवशी तो आवाज हमखास येतो.

हो, तुमचा भाचा फोन करतो. ओरडत नाही, गोड बोलतो, मला त्याचीच जास्त भीती वाटते. म्हणतो, आई स्वप्नात येते, तहानलेली दिसते. दहावं-बारावं त्याने केलं, पण गाळ्यांचं कळल्यावर एकही मासिक श्राद्ध केलेलं नाही. ज्याने घेतलं त्याने जेवायला घालावं, असं त्याचं म्हणणं. वर्षश्राद्ध तेरा ऑक्टोबरला येतंय. मी तर आता त्या घराची सूनही नाही. मावशी, त्यांच्या नावाने पाणी कोण सोडणार?

गुडघ्याला तेल लावत जा. माझी आठवण अशीच ठेवा.
तुमची,
रेवती


वेंगुर्ले,
१४ ऑगस्ट २०२५

चि. रेवतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘सौ.’ गाळलं आहे, बघून घे. चाळीस वर्षं मी पोरांच्या चुकांवर लाल शाई फिरवली, आता तू माझ्या चुका काढायला लागलीस. उत्तम चाललं आहे.

भाजीवालीची गोष्ट वाचून एकटीच हसत बसले. शेजारच्या शांताबाई बघून गेल्या, त्यांना वाटलं असेल, बाईंचे कान गेले होते, आता डोकंही गेलं. अगं, मिळालंय तर खा की. एक चांगली साडी घे आणि नेस, कपाटात घालून ठेवू नकोस. तू घेऊन कपाटात ठेवली असशील, हे मी इथून सांगते.

मिक्सरच्या आवाजाचं मात्र वाचलं आणि पत्र बाजूला ठेवलं. मला कुणी कानाशी चक्की चालवली तरी कळत नाही. फोन बंद करून दहा वर्षं झाली, तेव्हापासून हा पत्रांचा उद्योग. पण तुला म्हणून सांगते, हसू नकोस. शेवंती गेल्यापासून मला बहिणीची हाक ऐकू येते. संध्याकाळी पडवीत बसले की मागच्या दारातून ‘नले’ अशी स्पष्ट हाक येते. मला नले म्हणणारं आता जगात कुणी उरलेलं नाही. मी उठून मागे जाते. कोणी नसतं. पुन्हा येऊन बसते. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणेल, म्हातारीला भास होतात. तेव्हा सांगत नाही.

सर्वेश मागच्या महिन्यात इथे येऊन गेला. पाटीवर लिहून लिहून बोलावं लागलं, त्याचा हात दुखला असेल. गाळ्यांच्या बक्षीसपत्राची झेरॉक्स त्याने माझ्यापुढे ठेवली. त्यात शेवंतीने एक ओळ घालून घेतली आहे, ‘माझी सून रेवती हिला, तिला ठाऊक असलेल्या कारणासाठी’. वकिलाने नको म्हटलं असणार, तरी ही हटून बसली असणार. तो मला सारखा विचारत होता, कारण कोणतं? मी म्हटलं, मला काय ठाऊक. तुलाही मी विचारते आहे असं समजू नकोस. सांगायचं नसेल तर सांगू नकोस.

पण वर्षश्राद्ध मात्र व्हायला हवं. आईचं मुलाने करावं, ही रीत आहे आणि सर्वेश तयार होईल असं दिसतं. तू थोडं नमतं घे. मेलेलं माणूस उपाशी राहू नये, एवढंच माझं म्हणणं. मी तिची धाकटी बहीण, मला तिची हाक ऐकवत नाही गं.

गणपतीला येणं जमणार नाही हे ठाऊक आहे. खोबऱ्याच्या वड्या पाठवते. सईने सगळ्या संपवल्या तर तुझा वाटा बुडाला असं समज.
माया आहे ती वाढो.
तुझी,
नलिनीमावशी


जोगेश्वरी,
७ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
सर्वेशचा साष्टांग नमस्कार.

मावशी, तुला ऐकू येत नाही म्हणून हे लिहितोय, नाहीतर मला कुठलं पत्र लिहायला जमतं. चुकलं तर सांभाळून घे. तू शाळेत असताना सगळ्यांना सांभाळून घ्यायचीस.

मी वाईट माणूस नाही. रागीट होतो, कबूल. कुणाच्या घरात भांडणं होत नाहीत? पण आता मी बदललोय. रोज सकाळी ध्यानाला जातो. तिथले सर म्हणाले, तुमचा चेहरा बदललाय. तू स्वतः बघितलंस ना? आईने मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे गुन्हेगारासारखं बघितलं. हॉस्पिटलात मी गेलो की डोळे मिटून पडायची, आणि रेवतीचा डबा आला की उठून बसायची. मी मुलगा ना तिचा? मला ही चाळीतली खोली दिली आणि बाकी सगळं तिला. वर कागदावर ती ओळ. वकील, सबरजिस्ट्रार, सगळ्यांनी वाचली असेल. कसलं कारण, मावशी? मी असं काय केलं होतं? तुला आई सगळं सांगायची. तुला ठाऊक असणार.

असो. मी वर्षश्राद्ध करायला तयार आहे. पण विधी रेवतीच्या घरी होईल. स्वयंपाक तिच्या हातचा हवा आणि ती माझ्या शेजारच्या पाटावर बसली पाहिजे. गुरुजींना घटस्फोटाचं सांगायची काही गरज नाही, कशाला उगाच फाटे फोडायचे. विधी झाल्यावर मी तिथेच राहीन म्हणतो. ते घर आईच्या पैशाचं आहे, म्हणजे माझं पण झालं ना? सईला बाप मिळेल. सगळं परत झकास होईल. रेवतीला माझ्या तोंडून हे पटत नाही, तुझं ती ऐकते. तू लिही.

आणि तिला हे जमणार नसेल तर मला पण जमणार नाही. मग आईला फिरू दे तशीच. तिनेच निवडलंय.

तुझ्या पायाशी जागा असू दे.
तुझा,
सर्वेश


मुलुंड (पूर्व),
२१ सप्टेंबर २०२५

ती. स्व. नलिनीमावशी यांस,
शि. सा. नमस्कार.

सर्वेशने तुम्हाला काय लिहिलं ते त्याने मला फोनवर वाचून दाखवलं, त्यामुळे तुमचं काम वाचलं.

आज सर्वपित्री. मी एक पान वाढून गच्चीवर घेऊन गेले तर गच्चीला कुलूप. वॉचमन म्हणाला, सोसायटीचा नियम आहे, वर खाणं नेता येत नाही. खाली बागेत ठेवायला गेले तर तिथे कॅमेरा. पान हातात घेऊन मी लिफ्टमधून वर-खाली करत राहिले. शेवटी बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या पत्र्यावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तसंच होतं. जोगेश्वरीच्या चाळीत निदान कठडा होता.

तुम्ही विचारत नाही असं लिहिलंत, म्हणून सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कोर्टातही अर्धंच सांगितलं होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. सर्वेशने पहिल्यांदा हात उचलला. कशावरून ते आठवत नाही, डब्यावरून असेल. खोलीच्या भिंती किती पातळ, तुम्ही राहून गेला आहात. सासूबाई, मी त्यांना आईच म्हणायचे, दाराशी बसून लसूण सोलत होत्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी मिक्सर लावला. मला वाटलं, त्यांना काही कळलंच नाही. महिनाभराने पुन्हा तेच. मग लक्षात आलं. त्याचा आवाज चढला की मिक्सर सुरू व्हायचा आणि तो थांबला की थांबायचा. शेजारच्या प्रांजलच्या आईने एकदा विचारलं, तुमच्याकडे रोज एवढं कसलं वाटण असतं. आई म्हणाल्या, सर्वेशला नारळाशिवाय घास उतरत नाही. त्यात खोटं काही नव्हतं, दर वेळी खरंच खोबरं वाटलेलं असायचं. मग त्याचं कालवण व्हायचं आणि आई मला सगळ्यांच्या आधी वाढायच्या. माशाचा मधला तुकडा मला. पाठीवर हात नाही, शब्द नाही, फक्त तो तुकडा. आठ वर्षं मी ते जेवले, मावशी. त्यांनी मला जीव लावला नाही असं मी म्हणूच शकत नाही. म्हणून तर अजून सहन होत नाही.

शेवटच्या दिवसांत मी डबा घेऊन जायची. एका दुपारी वकील आला, म्हणाला, इथे सही करा. मी ती ओळ वाचली. आईंकडे बघितलं तर त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. मी सही केली. तेव्हा वाटलं होतं, चला, हिशेब मिटला. आता हे घर, हा पंखा, हा सोफा, जिथे टेकेन तिथे वाटतं की याचे पैसे मला गप्प राहिल्याबद्दल मिळाले आहेत.

आणि आवाज वाढलाय. आता फोन नसला तरी येतो. मला वाटतं, त्या मला काही सांगताहेत. मुलाला घरात घे, असंच सांगत असतील, आई दुसरं काय सांगणार? त्यांचं सगळं मी घेतलं आणि त्यांना पाण्यावाचून ठेवलं, तर मी कुठे जाऊ? खरं सांगते, मी हो म्हणायच्या बेतात आहे. श्राद्धाला हो, आणि त्याच्या राहण्यालाही हो. आठ वर्षं काढली, अजून थोडी. सई मोठी होते आहे, तिच्यासमोर तो करणार नाही.

कुणीतरी मला नको म्हण असं सांगायला हवं आहे. माझे आईवडील नाहीत. तुम्ही सांगाल तसं करेन.
पत्राची वाट बघते.
रेवती


वेंगुर्ले,
२९ सप्टेंबर २०२५

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. चष्म्याचा नंबर बदलायला झाला आहे.

जे झालं ते फार वाईट झालं. पण शेवंतीने तिच्या समजुतीप्रमाणे केलं. ती आज नाही, तिच्याबद्दल आता काय बोलायचं. सर्वेश बदललो म्हणतो, कदाचित बदललाही असेल, वय वाढलं की माणूस निवतो. विधी होऊ दे. घरातली गोष्ट घरात मिटली तर बरं असतं. त्याच्या राहण्याचं पुढचं पुढे बघता येईल, पण आलेल्या माणसाला दारातून परत तरी कसं पाठवायचं, हाही प्रश्न आहेच. तू समजूतदार आहेस.

सोबत कोकमाचं आगळ पाठवते आहे. बाटली उभी ठेव.
आशीर्वाद आहेतच.
नलिनीमावशी


मुलुंड (पूर्व),
१६ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. नलिनीमावशी यांस,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. काय झालं ते आता वाचा.

तेरा तारखेला सकाळी आठला सर्वेश आला. पांढरा सदरा, हातात केळीची पानं. वॉचमनशी हसून बोलला, सईच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, मीच उगाच घाबरत होते. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, सगळं मी पहाटे उठून केलं होतं. वाटण खालच्या दुकानातून तयार आणलं होतं. गुरुजी म्हातारे, सौम्य. त्यांनी दोन पाट मांडायला सांगितले. तेवढ्यात सर्वेशने खिशातून एक डबी काढली. त्यात माझं मंगळसूत्र होतं. घटस्फोटाच्या दिवशी मी ते आईंकडे परत दिलं होतं. हळू आवाजात म्हणाला, तासाभरापुरतं घाल, गुरुजींना संशय नको. मी म्हटलं, पाटावर बसते, पण हे घालणार नाही. तो हसला, गुरुजींना म्हणाला, एक मिनिट हं, आणि माझं कोपर धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार लावलं.

दार लागल्यावर तोच जुना सर्वेश. मी त्याच्या आईला फितवलं, मी पैशाचा माज करते, मी कोण होते आणि कुणामुळे इथवर आले. आवाज चढत गेला. माझं मनगट धरलं. आणि तेवढ्यात बाहेर मिक्सर सुरू झाला.

मला वाटलं, आई आल्या. आपल्या पानावर जेवायला म्हणून आल्या आणि आल्याबरोबर आत जाऊन बटण दाबलं. सर्वेशलाही ऐकू आलं. तो क्षणभर थांबला आणि मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला, ओळखीच्या जागी आल्यासारखा. आणि त्याने पूर्ण आवाज लावला. आता तो भिंतीबाहेर ऐकू जाणार नव्हता ना. चौदा वर्षांत जे कळलं नव्हतं ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. तो मिक्सर माझी अब्रू झाकायला कधीच नव्हता. त्याला मोकळीक मिळायची त्यातून. त्याचा हात माझ्या गालावर बसला, पण तोवर मी कडी काढली होती.

स्वयंपाकघरात सई होती. फडकं खाली पडलेलं, भांडं रिकामं, दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलेलं आणि डोळे घट्ट मिटलेले. मी बटण बंद केलं. तशी सर्वेशची शिवी अर्ध्यात उघडी पडली. गुरुजींनी ऐकली. लिफ्टपाशी वॉचमन आणि झाडूवाली कमळाताई उभी होती, त्यांनी ऐकली. मी बाहेर आले आणि गुरुजींना म्हटलं की हा माझा नवरा नाही, सहा वर्षांपूर्वी कोर्टाने तसं लिहून दिलं आहे, आणि आत्ता याने मला मारलं. मावशी, याने मला मारलं, हे तीन शब्द मी मोठ्याने पहिल्यांदा म्हटले. सर्वेश हसायचा प्रयत्न करत होता, कुणीच हसलं नाही. कमळाताईने आमच्या घराचं दार उघडं धरून ठेवलं होतं, तो गेला तरी ती दार धरून उभी राहिली. दुपारी मी चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली. गालावर वळ होता, पुरावा कुणी मागितला नाही.

नंतर सईला जवळ घेतलं. ती रडत नव्हती. मी विचारलं तर तिने साधेपणाने सांगितलं की आजीने तिला शिकवलं होतं. ती सहा वर्षांची असताना आजीचे हात दुखायचे, तेव्हा आजीने तिला स्टुलावर उभं करून दाखवलं होतं. बाबांचा आवाज चढला की हे बटण दाबायचं, म्हणजे आईला लाज वाटत नाही. ती म्हणाली, मी तुला लाज वाटू नये म्हणून लावला. मग तिने विचारलं, चुकलं का.

पानं तशीच मांडलेली होती. गुरुजी म्हणाले, विधी अर्धवट राहू नये, नातीने तीळपाणी दिलं तरी चालेल. मी नाही म्हटलं. म्हटलं, या पोरीने आजीचं पुरेसं केलं आहे. त्यांनी दक्षिणाही घेतली नाही. सामान गोळा करून, पाण्यात सोडतो म्हणाले आणि गेले. आमटी आणि वडे कमळाताईला, वॉचमनला वाटले, आम्ही दोघींनीही खाल्ले.

तुमच्या बहिणीचं श्राद्ध झालेलं नाही. मी करणार नाही, माझ्या घरात कुणालाही करू देणार नाही. त्या उपाशी असतील तर असू देत. मला पश्चात्ताप होत नाही. आवाज अजून येतो. काल चार वाजता आला. मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या आणि सईबरोबर मोठमोठ्याने बोलत बसले.

तुम्हाला माझा राग आला असेल. आला तर तसं लिहा.
रेवती


वेंगुर्ले,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. रेवतीस,

तुझं पत्र दिवाळीच्या दिवशी आलं. उत्तर लिहायला बसले आणि चार कागद फाडले. आता जे लिहिते आहे ते फाडणार नाही.

मला राग कसला येणार? शेवंतीने ती ओळ का लिहिली असं सर्वेश मला विचारत राहिला आणि मी म्हटलं, मला काय ठाऊक. मला कारण ठाऊक होतं. चौदा वर्षांपासून ठाऊक होतं.

२०११ साली शेवंतीचं मला पत्र आलं. तिसरीपर्यंत शिकलेली, अक्षर वाकडंतिकडं, पण तिने ते स्वतः लिहिलं होतं, कुणाकडून लिहून घेण्यासारखं नव्हतंच. लिहिलं होतं की सर्वेश सुनेवर हात टाकतो, पोर एक दिवस मरेल, मला बघवत नाही. पोलिसात जाऊ का, तिला माहेरी पोचवू का, का त्यालाच घराबाहेर काढू. नले, तू शिकलेली आहेस, सांगशील तसं करते.

मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. गावात मान होता. भाच्याचं नाव पोलिसात गेलं तर इथे काय बोलतील, याचा मी आधी विचार केला. तुझा नंतरही केला नाही. आंतरदेशीय पत्रावर पाच ओळी लिहिल्या. लिहिलं की संसारात असं होतं, मूल झालं की तो निवळेल. घरातली गोष्ट घरात राहू दे. आवाज चार भिंतींच्या बाहेर जाता कामा नये, तेवढं बघ.

ती नेहमीच माझं ऐकायची. तिने तेवढं बघितलं.

म्हणजे तो मिक्सर मी लावला, रेवती. पाचशे किलोमीटरवरून, चांगल्या अक्षरात. शेवंतीने तिच्या बाजूने तीस वर्षांची कमाई तुला देऊन टाकली, आणि तरीही माझं नाव कुणाला सांगितलं नाही. मी काहीच दिलं नाही. उलट सप्टेंबरात तू मला पत्र पाठवून तोच प्रश्न विचारलास. ‘नको म्हण’, एवढंच तुला ऐकायला हवं होतं. चौदा वर्षांनी मला पुन्हा संधी मिळाली आणि मी पुन्हा तेच लिहिलं. चष्म्याचं काही झालेलं नाही. मला वाचायला नीट येत होतं.

तिची हाक अजून येते. इतके दिवस मी समजत होते, ती पाणी मागते. ती पाणी मागत नाही.

सर्वेशला मी लिहून कळवलं आहे की त्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. तुझ्या तक्रारीला साक्ष लागली तर शेवंतीचं ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. रजिस्टरने तुझ्या वकिलाकडे पाठवते. माझं नाव त्यात येईल, येऊ दे. तिच्या श्राद्धाचं तू मनात आणू नकोस. तिने तुला जे दिलं त्यात श्राद्धाची अट नव्हती, ती सर्वेशने आणि मी मिळून चिकटवली. ते घर तुझं आहे. खुशाल पाय पसरून राहा.

सईने विचारलं ना, चुकलं का म्हणून. तिला सांग, तिचं नाही चुकलं. तिच्या आजीचं चुकलं, आणि आजीला शिकवणारी एक बाई होती, तिचं चुकलं. त्या बाईचं नाव तिला सांग.

पत्राच्या शेवटी लोभाची ओळ लिहायची असते. चाळीस वर्षं मी ती मुलांकडून पाटीवर गिरवून घेतली. आज ती मला लिहिता येत नाही. तू उत्तर पाठवलं नाहीस तर मी समजेन.

नलिनी